चिंगीचा जप

खोटं कशाला बोलू, आधी मला कौतुकच वाटलं. आमची मांजर चिंगी धरमपेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून खाली पडली. उठून स्वतःच जिना चढून आली, दूध प्यायली, म्हणून आम्ही निश्चिंत. त्यानंतर मात्र ती देवघरासमोर बसायला लागली. पुढचे पाय ताठ, मान वर, डोळे अर्धवट मिटलेले. मी आल्यागेल्याला सांगायची, "देवानं वाचवलं ना, तेव्हापासून जपाला बसते." यजमान म्हणायचे, "तुझ्यापेक्षा तिचा जप बरा, मधे कुकरच्या शिट्ट्या तरी नाही मोजत." तिचं खाणं कमी झालं तर मी म्हटलं, उपास करत असेल. काय म्हणावं माझ्या अकलेला!

गुरुवारी आमच्याकडे भजन असतं. शेजारणीची नणंद खापरखेड्याहून आली होती, तीही बसली. बाकीच्या बायका चिंगीला नमस्कार करत होत्या. ही मात्र टाळ खाली ठेवून तिच्याकडेच बघत राहिली.

"काकू, ही लेटत काहून नाही?"

"जप करते ती."

"जप नाही वो! तिले लेटताच येऊन नाही राहिलं. कशी धापून राहिली, पाहा ना. आमच्या कुत्र्याले गाडीनं उडवलं होतं, तोही असाच बसे. आताच्या आता दवाखान्यात न्या."

मला रागच आला, भर भजनात हे काय! पण चिंगीच्या बरगड्या पाहिल्या, भात्यासारख्या हलत होत्या. आरती राहिली तशीच, आम्ही निघालो.

एक्स-रेत सगळं दिसलं. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटला होता. आतडी, यकृताचा काही भाग वर छातीत सरकलेला. आडवी झाली की बिचारी गुदमरायची. डॉक्टर म्हणाले, बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीनं करून पाहू, अवयव खाली घेऊन पडदा शिवू. आत चिकटले असतील तर पोट उघडावं लागेल. बेशुद्ध असेपर्यंत श्वास मशीनच देईल, आणि धोका आहेच. मी हो म्हटलं.

बाहेर बाकावर बसले. एरवी मी देवाला अगदी समजावून सांगते, आधी हे कर, मग ते बघ. त्या दिवशी नाव म्हणून ओठांवर येईना. "श्वास घे गं बाई," एवढंच पुटपुटत होते. तिला म्हणत होते की आणखी कुणाला, देव जाणे. तिचा श्वास तिच्या हाती नव्हता, माझ्या तर नव्हताच. हे कळलं तशी मी रडले, आणि मग जरा शांत झाले.

पोट उघडावं लागलं नाही. आत गेले तर चिंगी कुशीवर पसरून झोपली होती. मी हात पुढे केला, तर डॉक्टर म्हणाले, "झोपू द्या तिला, काकू."

चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. कसब डॉक्टरांचं. पण आम्हा सगळ्यांना भक्त दिसत होती, तिथे एका पाहुणीला आजारी मांजर दिसली, आणि ती त्याच गुरुवारी आमच्या दारी आली. ते देणं मी कुणाच्या पायाशी ठेवू? आता देवाला सूचना देणं बंद केलंय. संध्याकाळी दिवा लावते आणि नुसती बसते. श्वास येतो, जातो. इतकी वर्षं मला वाटत होतं, तो मीच घेते.