बाकड्यावरची मधली जागा

आमच्या ह्यांना ट्रकचं वेड होतं. ट्रक म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो तो उसानं भरलेला, मागे शेरोशायरी लिहिलेला. तसला नव्हे. अमेरिकेत पिकअपलाही ट्रकच म्हणतात. पुढे दोघातिघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. आमचा होता साठच्या दशकातला, म्हणजे माझ्याहून थोडासाच लहान. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. जुन्या ट्रकवाल्यांत कंपनीवरून जी जुंपते ना, तेवढी इथे न्यू जर्सीत, पार्सिपनीला, आमच्या मराठी मंडळींची गणपतीच्या जेवणावरूनही जुंपत नाही.

हे रिटायर झाले आणि तो दारात आला. मी पोळ्या लाटत होते. बाहेर कुणीतरी जोरजोरात खोकल्यासारखा आवाज आला म्हणून खिडकीतून डोकावले, तर ड्राइव्हवेवर ते धूड आणि त्याच्या शेजारी हे, नवरदेवासारखे उभे. रंग कधीकाळी मोरपंखी असावा, आता पार विटलेला.

"अहो, हे काय आणलंत?"

"ट्रक."

"ते दिसतंय मला. पण कशाला?"

ह्यावर कोल्हापूरचा माणूस जे उत्तर देतो तेच ह्यांनी दिलं. "असू दे की!"

कशाला ते मला ठाऊक होतं, उगाच विचारायचं म्हणून विचारलं. आम्ही अमेरिकेत आलो त्या पहिल्या थंडीत आमची गाडी बर्फावरून घसरून रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेली होती. तेव्हा मोबाइल कुठले! असल्याच एका पिकअपवाल्या शेतकऱ्यानं थांबून आम्हाला घरी सोडलं. एकच लांब बाकडं, त्यावर तो, हे, आणि मधे मी. अंग चोरून चोरून माझी सुपारी झालेली. इकडे हे माझ्या डोक्यावरून वाकून त्या माणसाचा गियर टाकणारा हात बघतायत, डोळे नुसते लकाकतायत. "एक दिवस आपण घेणार," असं घरी आल्यावर म्हणाले. मी म्हटलं, घ्या, पण मी काही मधे बसायची नाही.

आणि बसले नाही. शब्दाची पक्की आहे मी.

आता हे बाकडं काय प्रकरण होतं ते सांगते. रोजच्या गाडीत आम्हा दोघांच्या मधे गियर, कॉफीच्या कपांची खळगी, फोनची वायर, चष्म्याची केस, सगळा बाजार असायचा. ट्रकात मधे काही म्हणजे काही नाही. गियरची दांडीसुद्धा स्टिअरिंगच्या दांड्यालाच बाजूनं बसवलेली. ह्यांच्या मांडीपासून माझ्या मांडीपर्यंत सपाट रेक्झिन. जरा मोकळा रस्ता लागला की हे त्या मधल्या जागेवर थाप मारायचे. "ये की इकडं सरकून."

"का? तिकडे काय ठेवलंय?"

"इंजिनचा आवाज चांगला येतो इथनं."

"मला इथूनही येतोय. बहिरी नाही झाले अजून." असं म्हणून मी पर्स उचलून मधे ठेवायचे. हे हसायचे. पुढल्या वेळी पुन्हा थाप, पुन्हा पर्स. आमचं हे असंच चालायचं. मी अमरावतीची, मास्तरांच्या घरातली. आमच्याकडे नवराबायको रस्त्यानं चालले तरी मधून सायकल जाईल एवढं अंतर असायचं. त्यात माझी चूक होती असं मी म्हणणार नाही. पण आता वाटतं, कुणी बघत नव्हतं हो. त्या रस्त्यांवर हरणांखेरीज कोण होतं बघायला?

रविवारी सकाळी एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंग लॉटमधे ह्यांची टोळी जमायची. सगळे पांढऱ्या केसांचे, हातात कॉफी, ट्रकांची बॉनेटं आ वासलेली. तिथे एकमेकांच्या गुडघ्यांची, शुगरची चौकशी करायची नाही. चौकशी फक्त ट्रकच्या तब्येतीची. आम्ही बायका फोल्डिंगच्या खुर्च्यांवर बसायचो. माझ्या शेजारी नेहमी एका सुताराची बायको असायची, तिथलीच, गोरी, स्वभावानं मोठी गोड. मी डबाभर चिवडा न्यायचे आणि आम्ही दोघी चिवडा खात आपापल्या नवऱ्यांना आणि त्यांच्या डबड्यांना मनसोक्त नावं ठेवायचो. भाषा वेगळी असली तरी हा विषय साऱ्या जगात सारखाच.

पहिल्याच दसऱ्याला मी एक पराक्रम केला. आपल्याकडे वाहनाची पूजा करतात तशी साग्रसंगीत केली. एडिसनच्या देशी बाजारातून झेंडूचा हार आणला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बॉनेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं उठवली. नव्या गाडीवरचं कुंकू पुसलं की जातं. ह्या म्हाताऱ्याचा रंग उन्हानं पार भुकटी झालेला. त्यानं ते तेल प्यायलं ते प्यायलंच. मी घासलं, धुतलं, पाच बोटं तश्शीच! आणि जुन्या ट्रकवाल्यांच्या धर्मात मूळ रंगाला हात लावण्यासारखं पाप नाही, हे मला मेलीला कुठे माहीत! रविवारी ती सगळी टोळी बॉनेटभोवती सुतकी चेहऱ्यानं उभी राहिली. हे मात्र शांतपणे म्हणाले, "ती माझ्या बायकोची सही आहे." डाग त्यांनी शेवटपर्यंत काढू दिले नाहीत. दर दसऱ्याला मला त्याच पाच डागांवर बोटं ठेवायला लावायचे आणि वर म्हणायचे, "बोटं जाड झाली की गं तुझी."

पूजा झाली की सीमोल्लंघन. दसऱ्याला गावाची शीव ओलांडायची, आपट्याची पानं म्हणजे सोनं घेऊन घरी यायचं. ह्यांचं सीमोल्लंघन साधंसुधं नसायचं. न्यू जर्सी संपते तिथे नदी आहे, पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया. हे ट्रकनं थेट नदीपार! पलीकडच्या काठावर एक झाड होतं, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या पानांचं. नाव आम्हाला कधी कळलं नाही. ऑक्टोबरात ती पानं पिवळीधमक होतात. "आपल्याकडं सोनं हिरवं," हे म्हणायचे, "इथं बघ, बावनकशी." घरी आल्यावर मी आधी उतरून पळायचे, ताम्हण आणायचे आणि ह्यांना दारात ओवाळायचे. मग हे वाकून मला सोनं द्यायचे.

फेब्रुवारीत हे गेले. हार्टचं दुखणं होतं, फार हाल झाले नाहीत, लोक हेच सांगतात मला. ट्रकवर चादर घातली. उन्हाळ्यात कधीकधी दुपारी गराजमधे जाऊन मी त्यात बसायचे. बसायचे ती माझ्याच टोकाला, खिडकीशी. पर्स जवळ नव्हती तरी मधे जागा सोडून.

मुलगी तिकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला असते. तिचं म्हणणं, एवढ्या घरात एकटीनं राहू नकोस, काँडोत, म्हणजे छोट्या फ्लॅटात, जा. म्हणणं खोटं नव्हतं. जिने चढवत नाहीत आता. पण काँडोला गराज नाही, आणि असला ट्रक उभा ठेवला की मरतो, त्याला चालवणारं माणूस लागतं. मग तो सुतारच घेतो म्हणाला. टोळीतला माणूस, ह्यांचा मित्र, यात वाईट काय? मी हो म्हटलं. अट एकच घातली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी न्या.

मला ह्या ट्रकचं एक सीमोल्लंघन हवं होतं. शेवटचं. दुसरं काही नको.

मुलगी दसऱ्याला आली. आदल्या दिवशी सुतारानं येऊन बॅटरी चार्ज करून दिली होती, इंजिन चालू करून बघितलं होतं आणि ट्रक रस्त्याकडे तोंड करून ड्राइव्हवेवर लावून ठेवला होता. मी पूजा केली, पाच डागांवर पाच बोटं ठेवली. बोटं जाड झाली म्हणणारं कुणी नव्हतं. मग मी किल्ली लेकीच्या हातात दिली.

"आई, आय कान्ट ड्राइव्ह धिस! मला स्टिक येत नाही."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरगी अमेरिकेत जन्मली, ऑटोमॅटिकवर वाढली, हातानं गियर टाकायची वेळच आली नाही तिच्यावर. आणि मी? मी तर ह्या ट्रकच्या स्टिअरिंगला कधी हातही लावला नव्हता.

"आपण माझी रेंटल कार घेऊ ना," ती समजुतीनं म्हणाली. "सेम ब्रिज, सेम रिव्हर."

"सीमोल्लंघन भाड्याच्या गाडीनं होतं होय गं?" मी अशी काही कडाडले की शेजारच्या अंगणातला माणूस पानं गोळा करायचा थांबला. आणि मग रडूच फुटलं मला. म्हटलं, उद्या जाणार गं तो, उद्या ह्या वेळी गराज मोकळं असेल.

तिनं फोन बाहेर काढला. मग म्हणाली, "क्लच मी यूट्यूबवर बघून मॅनेज करीन. पण गियर कुठला कुठे, ते कोण सांगणार?"

"मी सांगते," मी म्हटलं. "पहिला, तुझ्याकडे ओढून खाली. दुसरा, पलीकडे ढकलून वर. तिसरा, तिथूनच सरळ खाली. रिव्हर्स, तुझ्याकडे ओढून वर."

"तुला कसं माहीत?"

मला कसं माहीत! त्या खिडकीशी बसून मी एवढी वर्षं दुसरं काय करत होते? बाहेर बघतेय असं दाखवायचं आणि ह्यांचा हात बघायचा. त्या हातावरची शीर न् शीर मला पाठ होती.

ती स्टिअरिंगला बसली. मी माझ्या टोकाला. चोक ओढला, किल्ली फिरवली, म्हातारा खोकला आणि सुरू झाला. पण क्लच दाबायचा, स्टिअरिंग धरायचं आणि दांडीही हलवायची, एवढं सगळं तिला एकदम जमेना. दरवेळी गचका खाऊन बंद. शेजारचा माणूस उघडउघड बघत होता. बघू दे मेल्याला. शेवटी ती म्हणाली, "आई, पाय माझे, गियर तू टाक. पण तिथून तुझा हात नाही पोचणार. इकडे सरक ना."

मी सरकले.

बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं, बाकड्याची दोन्ही टोकं आमच्या वजनानं खोल दबलेली होती. मधला भाग मात्र कडक, नवाकोरा, स्प्रिंगा ताठ. तिथे कुणी बसलंच नव्हतं कधी. ह्यांच्या खांद्याची उंची कुठे आली असती, ते मला बसल्याबसल्या समजत होतं.

"क्लच?" मी विचारलं.

"दाबला."

मी दांडी तिच्याकडे ओढून खाली घेतली. ट्रक निघाला. तिनं 'ओ माय गॉड' म्हणून किंकाळी मारली. "आता दाब!" पलीकडे, वर. "दाब!" सरळ खाली. तलावाच्या कडेच्या रस्त्याला तिसरा पडला आणि तो म्हातारा गुणगुणायला लागला. आणि खरंच सांगते, इंजिनचा आवाज तिथून चांगला येत होता. मला वाटायचं हे थापा मारतायत.

समोरून एक जुना लाल पिकअप आला. त्याच्या ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली. जुने ट्रकवाले एकमेकांना असाच रामराम करतात. लेकीनंही दोन बोटं उचलली. "बाबा असंच करायचे ना?" ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, म्हणून मी म्हटलं, रस्त्यावर बघ.

नदीपर्यंत काही जाता आलं नाही. वाटेतल्या चढावर दोनदा बंद पडलो, मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. गावाची हद्द सांगणारी पाटी तेवढी ओलांडली आणि पलीकडे थांबलो. शीव ती शीव. तिथल्या एका झाडाची पिवळी पानं लेकीनं तोडली, कुठल्या झाडाची देव जाणे. घरी आल्यावर मी सवयीनं आधी उतरले, ताम्हण घेऊन आले. दारात ती उभी होती. तिला ओवाळलं. तिनं वाकून पान हातात दिलं आणि तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "सोना घ्या, सोन्यासारखं राहा." कुणी शिकवलं असेल तिला? हे सोडून कोण.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला, बरोबर त्याची बायको. मी तिला चिवड्याचा डबा दिला. सुतार बॉनेटवरच्या डागांवरून हात फिरवत म्हणाला, हे असेच राहू देईन. मी म्हटलं, ऑक्टोबरात एकदा ह्याला नदीपलीकडे नेऊन आणत जा, सवय आहे त्याला. बरं म्हणाला.

तो स्टिअरिंगला बसला. ती दुसऱ्या दारानं चढली, खिडकीशी बसली, चिवड्याचा डबा मांडीवर घेतला आणि पर्स उचलून मधे ठेवली.

ट्रक मागे सरकायला लागला होता. मी तशीच चपला न घालता धावले आणि काचेवर थापा मारल्या. तिनं घाबरून काच खाली केली.

"पर्स खाली ठेव," मी म्हटलं. "मधे बस."