दोन तासांची कूस

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. घरी जाऊन रुग्णसेवा करण्याच्या कोर्समध्ये हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. कोर्सनंतर एजन्सीनं मला काम दिलं, तेही दोनच तासांचं. आल्यावर एकदा कूस बदलायची, जाताना एकदा. पुढे पेशंटनं आपल्या पाठीचं काय ते बघून घ्यायचं.

पहिले सहा महिने नव्यांना पूर्ण पाळी नाही, हा नियम. सकाळी आठ ते दहा अनगोळ, संध्याकाळी पाच ते सात काकती. मधले सात तास मी वाचनालयात काढायचे. पगार चार तासांचा. खानापूरकडच्या आमच्या गावातून निघून परत पोचेपर्यंत दिवस मात्र चौदा तासांचा.

अनगोळच्या आजींची एक बाजू लकव्यानं गेलेली. सगळा जन्म मागावर बसून साड्या विणल्या, आता पडून होत्या. मुलगा-सून नोकरीला. दहानंतर तीनपर्यंत घरात त्या एकट्याच. एका सकाळी त्यांच्या माकडहाडावर लाल डाग दिसला. बोट दाबून सोडलं तरी लाली हटेना. मी एजन्सीच्या साहेबांना फोन लावला.

"सर, आजींकडे दुपारी आणखी एक खेप लागेल. मी दुपारभर शहरातच असते."

"नव्यांना दोनच तास. जरा ॲडजस्ट माडी, घ्या करून."

"मग मी पगाराशिवाय जाते."

"ते तर अजिबात नको. घरच्यांना फुकटची सवय लागते."

पगार द्यायचा नाही आणि फुकटही जाऊ द्यायचं नाही, एवढा काटेकोरपणा मी तोवर फक्त सोवळ्यात पाहिला होता.

त्याच आठवड्यात एजन्सीनं आमचा सत्कार ठेवला. हजेरी सक्तीची, म्हणून त्या सकाळच्या सगळ्या पाळ्या रद्द. पत्रिकेत आम्ही 'करुणेच्या मूर्ती' होतो. बी.ए.ला मी साहित्य घेतलं होतं, त्यामुळे कुणी फुकट विशेषणं वाटू लागलं की मला संशय येतो. कार्यक्रम नऊचा, पाहुणे साडेदहाला आले. "या भगिनी पैशासाठी नव्हे, पुण्यासाठी राबतात," असं म्हणून त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली. मी खुर्चीत बसून हिशेब करत होते, आजी किती तास एकाच अंगावर असतील.

बारा वाजता रिक्षा करून अनगोळला गेले, शेजारून किल्ली घेतली. आजींनी मला आपादमस्तक पाहिलं.

"शाल कशाची गं? लगीन केलंस काय?"

"व्हय आजी. एजन्सीशी."

"मग माहेरचीच बरी हुतीस की."

त्यांना वळवलं. डाग फुटला होता, चादर चिकटली होती. "दुखतंय?" विचारलं तर "न्हाय गं" म्हणाल्या आणि भिंतीकडे बघत राहिल्या. मी जखम धुतली, पट्टी लावली, ती शाल गुंडाळून पाठीमागे टेकू दिला. मग सुनेला कळवलं. तिनं आधी डॉक्टरांना बोलावलं आणि मग, भाबडेपणानं, माझं कौतुक करायला एजन्सीला फोन केला.

दुसऱ्या दिवशी अनगोळ माझ्याकडून काढून घेतलं. कारण, परवानगीशिवाय भेट. माझ्या जागी दुसरी नवी मुलगी आली, दोन तासांची. चार दिवसांनी सुनेचा फोन आला.

"सिस्टर, जखम वाढलीय. एजन्सी सोडून दिवसभर आमच्याकडंच येशीला काय?"

माझं कोर्सचं मूळ प्रमाणपत्र एजन्सीच्या कपाटात होतं. सहा महिन्यांआधी सोडलं तर ते मिळत नाही. मी "येते" म्हणाले.

प्रमाणपत्र आजवर मिळालेलं नाही. ते नसल्यानं दोन दवाखान्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. आजींची जखम भरायला अडीच महिने लागले. ते सगळे दिवस मी दर दोन तासांनी त्यांना वळवत होते, आणि दर वेळी माझ्या तोंडात त्या साहेबांसाठी जे शब्द यायचे ते बी.ए.ला शिकवलेले नव्हते.