अग्रलेख सुटला त्या गुरुवारी

डहाणू रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर, चिकूच्या खोक्यांच्या गोदामावर आमच्या साप्ताहिकाची खोली होती. अंक चार पानी, निघायचा शुक्रवारी. माणसं दोनच, संपादक आणि मी. ते लिहायचे आणि मी मसोलीहून सायकल मारत येऊन त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाशी भांडायचे, पानं लावायचे. संपादकांच्या तोंडाला कुलूप नव्हतं आणि लेखणीला तर नव्हतंच. आमदार असो की ठेकेदार, कुणालाही ते सोडत नसत, आणि मलाही त्याचा भलताच अभिमान होता.

दोन हजार सतरा-अठराच्या सुमारास तलासरीच्या बाजूला एका मोठ्या प्रकल्पासाठी जमिनींची मोजणी सुरू झाली. लोकांनी विरोध केला, मग जमावबंदी आली. एके दिवशी कचेरीतल्या एका साहेबांनी संपादकांना बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, परिस्थिती नाजूक आहे, अंक छापायच्या आधी पानं दाखवत जा. मी म्हटलं, लेखी मागा की. संपादक म्हणाले, लेखी मागितलं तर अंकच बंद करतील. सगळ्या तालुक्यावर ओरडणारा हा माणूस इतक्या हळू आवाजात बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं, आणि मी हबकलेच.

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी पानं साहेबांकडे जायची आणि दुपारी तांबड्या रेघा घेऊन परत यायची. पहिल्या आठवड्यात दोन बातम्या गेल्या. दुसऱ्या आठवड्यात मोजणी अडवून बसलेल्या बायांचा फोटो गेला. संपादक खोलीत येरझाऱ्या घालत साहेबांचा उद्धार करायचे आणि मी रिकाम्या जागा भरायचे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी अग्रलेख लिहिला. पोलीस उभे करून शेतं मोजणाऱ्यांची त्यात अशी सालटी काढली होती की तपासताना माझ्या अंगावर काटा आला. हा काही सुटत नाही, म्हणून मी त्या जागेसाठी मासे सुकवण्याच्या ओट्यांवरचा एक जुना लेख काढून ठेवला.

दुपारी पानं आली. अग्रलेख जसाच्या तसा! एक शब्द कापला नव्हता. उलट एका ठिकाणी माझ्या नजरेतून सुटलेला स्वल्पविराम साहेबांनी तांबड्या शाईने घातला होता. आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. संपादकांनी जिलेबी मागवली, तिघा-चौघांना फोन केले, घाबरला लेकाचा म्हणून सांगितलं. मीसुद्धा दोन वेढे जास्तच खाल्ले.

चौथ्या पानावर मात्र एक रेघ होती. तिथे आमचा आठवड्याच्या तारखांचा रकाना असायचा. वाणगावचा बाजार, लसीकरण, भरती-ओहोटीच्या वेळा, कचेरीतल्या तारखा. त्यातली एकच ओळ कापली होती: मोजणीवर हरकतीचे अर्ज द्यायची शेवटची तारीख, पुढचा सोमवार. बाजूला लिहिलं होतं, गर्दी होईल. मी संपादकांना दाखवलं. ते म्हणाले, एवढंच ना, जाऊ दे, अग्रलेख वाचला. मलाही ते पटलं. मी पुढच्या दोन दिवसांच्या भरतीच्या वेळा घालून जागा भरली आणि पान छापायला सोडलं. त्यानंतर ती ओळ माझ्या डोक्यातही आली नाही.

पुढच्या बुधवारी झरीहून एक बाई आली. साठीची असेल. आमचा अंक ती तलासरीच्या बाजारात घ्यायची आणि सून तिला तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायची. तिच्या विहिरीकाठच्या शेतात मोजणीच्या खुंट्या ठोकल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने हरकतीचा अर्ज काढला. सुनेने सुवाच्य अक्षरात भरलेला, खाली तिचा अंगठा. तिला फक्त विचारायचं होतं की अर्ज कधी नेऊन द्यायचा. तारीख आली की तुमच्या पेपरात येते, असं तिने वाडीत सगळ्यांना सांगितलं होतं, म्हणून सगळे अर्ज भरून थांबले होते. या खेपेला भरतीच्या वेळाच तेवढ्या लांबलचक आल्या म्हणे. झरीत समुद्र कुठला?

साहेबांनी काय वाचलं आणि आम्ही काय वाचलं, ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. अग्रलेखाने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. त्या एका ओळीने अख्खी वाडी अर्ज घेऊन कचेरीत उभी राहिली असती. आणि आम्ही दोघं शहाणे जिलेबी खात बसलो होतो. लाज वाटली, पण त्याहून जास्त धक्का बसला, की ती ओळ जाताना मला काहीच वाटलं नव्हतं.

"मावशी, तारीख सोमवारीच संपली," मी म्हटलं.

तिला पहिल्यांदा कळलं नाही. मी परत सांगितलं. संपादकांनी घाईघाईने तो अंक काढून अग्रलेख तिच्यापुढे धरला, हे तुमच्यासाठीच लिहिलं होतं म्हणाले.

"तो वाचला सुनेने. चांगला हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमाला माहीत होती तारीख?"

खोटं माझ्या जिभेवर आलं होतं. कचेरीने कळवलंच नाही म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता.

"होती," मी म्हटलं.

तिने अर्जाची घडी करून तो परत पिशवीत ठेवला. आवाज चढवला नाही, रडली नाही.

"मंग आमाला सांगायची ना," ती म्हणाली.