पत्ता न विचारणाऱ्या बाई

आमच्या क्षेत्रकार्याच्या बाई भित्र्या होत्या आणि ते त्या कोणापासून लपवत नसत. नेरूळच्या महाविद्यालयात मी एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घेतला, तेव्हा समाजकार्य करणारी व्यक्ती निर्भय असते, अशी माझी पक्की समजूत होती. बाईंनी पहिल्याच दिवशी ती मोडून काढली. "मला कुत्र्यांची भीती वाटते, दारू प्यायलेल्या माणसाची वाटते आणि चढ्या आवाजाची तर फारच. आता तुमचं सांगा."

हा त्यांचा नेमच होता. वर्गातील व्याख्याने आटोपून आम्ही मुली जवळच्या दिवाळे गावातील महिला मदत केंद्रावर जात असू. तेथून गृहभेटीला निघण्यापूर्वी प्रत्येकीने आपली भीती मोठ्याने सांगायची आणि मगच बाहेर पडायचे. एकदा मी ऐटीत म्हणाले, "मला कसलीच भीती वाटत नाही."

"मग आज तू केंद्रातच बस," बाई म्हणाल्या. "भीती नसली की माणूस दार वाजवण्याआधी आतली चाहूल घेत नाही."

त्यांचा दुसरा नेम मला अधिक चमत्कारिक वाटे. नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडलेल्या स्त्रीला निवारागृहात पोहोचवले जाई, तेव्हा ते निवारागृह कोणते, हे बाई मुद्दाम जाणून घेत नसत. "मी घाबरले की खरं बोलून मोकळी होते. लहानपणापासूनची खोड आहे. तेव्हा मला सांगूच नका."

म्हणून सुकी मासळी विकणारी रेश्मा आपल्या मुलीला घेऊन निघाली, तेव्हा तिला पोहोचवायला एक महिला हवालदार आणि मी अशा दोघीच गेलो. "जमणार नसेल तर नाही म्हण, गुण कमी होणार नाहीत," असे बाईंनी मला आधीच सांगितले होते. निघताना रेश्माने सुजलेला हात पदराखाली घेत विचारले, "बाय, तो मना शोधील ना?"

"शोधेल," बाई म्हणाल्या. खोटा धीर देणे त्यांना कधी जमलेच नाही. "पण माझ्याकडून त्याला काही कळणार नाही."

रेश्माचा नवरा आलाच. एका दुपारी केंद्रात बाई आणि मी अशा दोघीच होतो.

"रेश्मा कुठं हाय?"

बाईंच्या हातातला पेला हिंदकळला आणि पाणी साडीवर सांडले. "मला माहीत नाही."

"खोटं बोलतेस?"

"अहो, माझे हात बघा. खोटं सुचेल तरी का मला?"

त्यांचा आवाज इतका कापत होता की त्याचा विश्वास बसला. मग तो माझ्याकडे वळला. निवारागृहाचे फाटक, गल्लीचे नाव, दारातली तुळस, सारे एकदम माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आता हे माझ्या चेहऱ्यावरच वाचता येईल, असे मला वाटले.

बाई उठल्या. त्या आम्हा दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "ती शिकायला येते. असली कामं मी पोरींवर सोपवते होय? तिला यातलं काही ठाऊक नाही."

बाईंच्या तोंडून मी ऐकलेले हे एकमेव असत्य. त्यात त्यांचा आवाज जराही कापला नाही.

"दोघींना बघून घेईन," म्हणत तो गेला. बाई मटकन खाली बसल्या. "आधी कडी लाव गं. मग पोलिसांना फोन कर."

पुढे कित्येक महिने तो केंद्रासमोरच्या टपरीजवळ उभा दिसे. पोलिसांनी दम दिला की काही दिवस नाहीसा होई आणि पुन्हा येई. आम्ही रोज वेगळ्या वाटेने परतत असू. बाई मात्र सकाळी ठरल्या वेळी हजर असत. कुलूप उघडताना त्यांची किल्ली खडखडे.

पदवी मिळाल्यावर मी निरोप घ्यायला गेले. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, खिडकीबाहेर पाहिले आणि हळूच विचारले, "रेश्माची पोरगी शाळेत जाते का?"

"जाते, बाई." आनंदाच्या भरात मी शाळेचे नाव सांगणार, तोच बाईंनी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले.

"नको," त्या म्हणाल्या. "तो कालही येऊन गेला."