मर्दाची कातडी

रविवारी सलूनमध्ये माझ्या आधी एका तरुणाचा नंबर होता. त्याचे गाल लालबुंद मुरुमांनी भरले होते. तो न्हाव्याला हळूच म्हणाला, "ब्लेड नवीन घाला, आणि उलटी दाढी नका करू. मुरुमं फुटतात."

एवढंच. पण बाकावर ताटकळलेल्या पुरुषांत खसखस पिकली. माझ्या शेजारचे काका तर मांडीवर थाप मारून ओरडले, "अरे, नवरी आहेस का तू? घास तुरटी! होऊ दे आग!"

काय ही मर्दानगी! गाल सोलून घ्यायचे, रक्तावर पेपरचा कपटा चिकटवायचा आणि तसंच गावभर मिरवायचं. बायकोचं क्रीम गुपचूप लावतील, पण दुकानात स्वतःसाठी मागताना यांची जीभ जड होते. स्वतःच्या कातडीला जपायची यांना लाज वाटते. दुसऱ्याच्या चेहऱ्याला हसायची मात्र नाही.

दाढी उरकल्यावर तरुणाने चेहरा न घासता नुसता टिपला आणि तो निघून गेला.

मग काका खुर्चीत बसले. आरशातून आमच्याकडे एकदा पाहून न्हाव्याशी कुजबुजले, तरी मला ऐकू आलंच.

"मिशी काळी कर रे. पण डाय चांगला लाव हं, मागच्या वेळी फार आग झाली."