लुसाकातली सावली

मी सातवीत शाळा सोडली. दिशा मात्र वडिलांनी शेतात शिकवल्या होत्या: थंडीच्या दिवसांत भर दुपारी उभं राहायचं, सावली पडेल ती उत्तर. भडगावकडच्या आमच्या केळीच्या बागेत हे कधी चुकलं नाही.

ठिबकच्या नळ्या जोडायच्या कामावर मी आफ्रिकेत, झांबियात आलो त्याला महिना होत आला होता. मुक्काम लुसाका शहराबाहेरच्या मळ्यावर. शहर पाहिलेलंच नव्हतं. परदेशी माणसांच्या ऑफिसात जाऊन पासपोर्टवर मुदतवाढीचा शिक्का घ्यायचा तो शेवटचा दिवस होता. ऑफिस तीनला बंद. शिक्का नाही तर परत गावी, आणि अशी नोकरी मला पुन्हा कोणी दिली नसती. पहिल्यांदा तरी का दिली, हेच मला अजून कळलेलं नाही.

मळ्याच्या गाडीने बाराला बाजारात सोडलं. आमचे मुकादम नाना धुळ्याचे, बोलणं अहिराणी. त्यांनी सकाळीच सांगितलं होतं, "मोठा रस्ता धर आनि उत्तरले सीधा चाल." फोनमध्ये नकाशा होता, पण त्यातलं इंग्रजी वाचून होईपर्यंत मी पुढच्या चौकात असायचो. मग सावली पाहिली आणि चालू लागलो. जून महिना होता आणि अंगात स्वेटर होता. शंका तेव्हाच यायला हवी होती.

वाटेत शेंगदाणे विकणाऱ्या एका बाईंना ऑफिसचा कागद दाखवला. त्यांनी मी आलो त्या बाजूला हात केला. मला वाटलं, बिचाऱ्यांना दिशा माहीत नाहीत. मान लववली आणि पुढे निघालो. हळूहळू घरं संपली. मक्याचं शेत लागलं. मी नानांना फोन लावला.

"कोठे शे तू?"

"मक्याच्या शेतात."

"शेतमा ऑफिस राहास का रे?"

मी सावलीचं सांगितलं.

"अरे केळीवाल्या, आठे सूर्य दुपारले उत्तरले राहास. सावली पडस दक्षिणले. तुले सांगानं राहीच गयं."

जळगाव जिल्ह्यातला कोणीही माणूस त्यांच्या लेखी केळीवाला.

"म्हणजे नाना, इथं सूर्यही उलटा?"

"सूर्य सीधाच शे. तू उलटा चालना. पय आते!"

मी पळालो. शेंगदाणेवाल्या बाईंनी मला येताना पाहिलं, शेजारणीला टोपली सांभाळायला सांगितली आणि माझी बाही धरली. आता माझ्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. थेट ऑफिसच्या दारापर्यंत नेलं आणि मी आत शिरेपर्यंत हलल्या नाहीत. मी आभार मराठीतच मानले, दुसरी भाषा सुचेना.

खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. घाईत पासपोर्ट दोनदा खाली पडला. आतल्या साहेबांनी आधी माझ्या मातीने भरलेल्या बुटांकडे पाहिलं, मग शिक्का मारला.

बाहेर येऊन फोन केला. "नाना, शिक्का झाला."

"मंग तठेच थांब," नाना म्हणाले. "हालू नको. मी तुले लेवाले येस."