साजगावच्या नापासबाई

नापासबाई कुठलंही नवं यंत्र आधी चुकीचं बटण दाबून सुरू करत. मग दोन बटणं एकदम दाबत. मग हातात रबरी मोजे चढवून दाबत, आणि तेवढ्यानंही काही झालं नाही तर मध्येच मेन स्विच खाली ओढत. आम्ही महिनाभर खपून लिहिलेला प्रोग्राम त्यांच्या टेबलावर पंधरा मिनिटं टिकत नसे. "नापास," एवढंच म्हणत आणि वही उघडत. आवाजात ना राग, ना समाधान.

त्यांचं खरं नाव सुमन भगत. कर्जतजवळच्या भातशेती करणाऱ्या घरातल्या, बी.एस्सी. झालेल्या, चाळिशीच्या. लग्न केलं नव्हतं. घरी त्या आणि आई. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. साजगावात पत्र्याच्या शेडमध्ये एका इंजिनिअर साहेबांनी नवी कंपनी काढली होती. आम्ही सगळे मिळून सात जण. कारखान्यातली भट्टी किती तापायची, कधी थांबायची हे ठरवणारी एक पेटी आम्ही बनवायचो. पेटीत चिप, आणि चिपमध्ये मी लिहिलेला प्रोग्राम. मी जवळच्या चौक गावचा, डिप्लोमा करून नुकताच लागलेला. खोपोलीत संगणक शिकलेला पोरगा म्हणून माझी कॉलर ताठ असायची. बाईंचं काम एकच, पेटी बाहेर जाण्याआधी तपासायची आणि कागदावर सही करायची.

"चालतंय ते मला नको दाखवूस रं," त्या म्हणत. "बंद कसं पडतंय ते दाखव."

एकदा माल न्यायला आलेल्या टेंपोवाल्याला त्यांनी आत बोलावलं आणि पेटी सुरू करायला सांगितली. त्यानं घाबरत बटणावर अंगठा ठेवला तो उचलायचाच विसरला. पेटी जागच्या जागी गोठली. "मी काय केलं वो बाई?" तो रडकुंडीला आला. "तू काय नाय केलंस," बाई म्हणाल्या, "यांनी करायचं ते नाय केलं." मी तणतणलो, असं बटण कोण दाबतं! तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. "तू खुर्चीत बसून दाबतोस, दिनेश. तिथला माणूस आठ तास उभा असतोय. हात रंगानं भरलेले, डोळ्यांत घाम. त्याच्या हातानं दाबून बघ."

मग ती रंगाच्या कारखान्याची ऑर्डर आली. ओली रंगाची भुकटी सुकवायची मोठी भट्टी होती. पेटी तयार झाली, आणि बाई दिवसभर तिच्यासमोर बसून मेन स्विच खालीवर करत राहिल्या. साठ वेळा केला. त्यातल्या तीन वेळा वीज येताच पेटीनं जुनंच तापमान धरून ठेवलं आणि भट्टी तापलेली असतानाही हीटर चालूच ठेवला. मी करून पाहिलं तेव्हा एकदाही तसं झालं नाही.

"साठात तीन, बाई! कारखाना काय साठ वेळा वीज घालवणार आहे?"

"पावसाळ्यात लाईट दिवसातनं किती वेळा जाते, मोज एकदा," त्या म्हणाल्या आणि वहीत 'नापास' लिहिलं.

त्याच आठवड्यात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाई चार दिवस रजेवर गेल्या. गिऱ्हाईक रोज फोन करत होतं. मी प्रोग्राममध्ये थोडी दुरुस्ती केली, दहा वेळा स्विच ओढून पाहिला, दहाही वेळा नीट चाललं. साहेबांनी कागद पुढे सरकवला. "बाई येईपर्यंत थांबलो तर ऑर्डर जाईल. प्रोग्राम तुझा, तूच सही कर." माझा हात अडखळला नाही. उलट मोठं झाल्यासारखं वाटलं.

बाई आल्या, रिकामं टेबल पाहिलं. "किती वेळा बघितलंस?"

"दहा."

बाई तशाच चपला घालून रंगाच्या कारखान्यावर गेल्या. मॅनेजर भेटला नाही. भट्टीवर पहिल्या पाळीचा एक जुना कामगार होता. त्याला त्यांनी समजावलं, लाईट गेली की आधी भट्टीचा मेन स्विच बंद करायचा, आल्यावर काटा बघूनच चालू करायचा. त्यानं मान डोलावली. पुढे तो तसंच करत राहिला.

दुसऱ्या पाळीवर बाळू पारधी होता. डोंगराखालच्या ठाकरवाडीतला, रोजंदारीवरचा, तिशीही न ओलांडलेला. त्याला हे कुणी सांगितलं नाही. पावसाळ्यात एका संध्याकाळी पाच-साडेपाचला वीज गेली, लगेच आली, परत गेली, परत आली. पेटीवर सगळं ठीक दिसत होतं. भट्टीतली भुकटी मात्र जळत चालली होती. बाळूनं नेहमीसारखं दार उघडलं आणि आगीचा लोळ त्याच्या अंगावर आला. चौथ्या दिवशी इस्पितळातच त्यानं प्राण सोडला.

सरकारी अधिकारी चौकशीला यायच्या आदल्या दिवशी साहेबांनी बाईंना आत बोलावलं. पत्र्याची भिंत, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "ती वही बाहेर काढू नका. कंपनी बुडेल, बाई. सात घरं आहेत."

"आठवं बुडालं ना, साहेब," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही अधिकाऱ्यासमोर ठेवली. त्यानं पान वाचलं, मग सहीचा कागद पाहिला. "इथं नापास लिहिलंय, मग ही सही कुणाची?" बाईंनी माझं नाव घेतलं नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं आणि थांबल्या. साहेब खिडकीबाहेर बघत होते. शेवटी मी म्हणालो, "माझी."

त्या संध्याकाळी मला वाटलं, आता बाई मला फाडून खातील. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी एकाच पाळीला सांगितलं रं. थांबायला पायजे होतं. चार तास थांबले असते तर तो आलाच असता." मला तेव्हा कळलं, की त्या मला बोलत नव्हत्या कारण त्यांचं स्वतःशीच भांडण चाललं होतं.

आमच्या आणखी चार पेट्या आजूबाजूच्या कारखान्यांत बसल्या होत्या. "चल," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघं पावसात एकेका फाटकावर गेलो. दोन ठिकाणी शिव्या खाल्ल्या, एका ठिकाणी वॉचमननं छत्री ओढून बाहेर काढलं. बाई फाटकासमोर उभ्या राहिल्या. पाळी सुटली की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत. पुढची पाळी येईपर्यंत हलत नसत. चारही पेट्या उतरवल्या गेल्या.

शेवटी आम्ही वाडीत गेलो. बाळूची बायको कुडाला टेकून बसली होती, मांडीवर लहान मूल. बाईंनी सांगितलं, आम्ही ती पेटी बनवणाऱ्यांतले. तिनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "तुमच्यातल्या कोणी केली ती?" मी म्हणालो, "मी." तिनं मूल उचललं आणि आत गेली. आम्ही तसेच उभे होतो. मग बाई म्हणाल्या, "चल आता."

कंपनी त्याच वर्षी बंद पडली. मला पुण्यात नोकरी लागली. प्रोग्राम लिहिणारे तेव्हा कमी होते. बाईंना मात्र खोपोलीपासून कर्जतपर्यंत कुणी कामावर घेतलं नाही. वही दाखवणारी बाई म्हणून त्यांचं नाव झालं होतं. त्या घरी शाळेच्या मुलींच्या गणिताच्या शिकवण्या घेऊ लागल्या.

काही वर्षांनी कर्जतच्या बाजारात भेटल्या. केस पांढरे झाले होते. आई गेल्याचं सांगितलं. मी आता मोठ्या कंपनीत आहे, हाताखाली माणसं आहेत, हे सांगितलं.

"तपासायला कोण हाय तिथं?"

"एक मुलगी आहे. फार चिवट आहे. तिनं अडवलं की मी माल सोडत नाही, बाई."

"वरनं दाब येतो?"

"येतो."

"मग?"

"दोनदा बढती हुकली."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता त्या एखादा शब्द बोलतील, ज्यासाठी मी इतकी वर्षं थांबलो होतो. झालं गेलं, असं काहीतरी. "बाळूचा पोरगा चौथीत गेला," त्या म्हणाल्या. "गणितात कच्चा हाय. रविवारी बोलावते त्याला." आणि भाजीची पिशवी उचलून गर्दीतून वाट काढत निघून गेल्या.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्या गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं.